चौकातली पाठमोरी बाई

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

आज केटो स्पायव्हींची अंत्ययात्रा होती. बावीस गाड्या. सगळ्यांत पुढे नेहमीप्रमाणे यात्रेसाठी चौक अडवणारे होझियाकाका, त्यांच्या पांढऱ्या मोटारसायकलवर. त्यांच्यामागे शववाहिका, ती मी चालवत होते. पीकन रोड आणि बायपासच्या चौकात काकांनी आडव्या रस्त्यावर गाडी लावली, उतरले, मोटारींना थांबायला हात वर केला, हेल्मेट काढलं आणि शववाहिकेकडे तोंड करून छातीवर हात ठेवून उभे राहिले. एकतीस वर्षं ते प्रत्येक चौकात असेच उभे राहतात. लोक आपलं माणूस आमच्या अंत्यविधीच्या घराकडे सोपवतात ते निम्मं तरी त्या छातीवरच्या हातासाठी, असं आई म्हणते.

मी चौक ओलांडला आणि आरशात बघते तर काकांच्या पाठीमागून एक दुधाची व्हॅन येतेय. मी हॉर्न वाजवला, किंचाळले. काका ढिम्म. केटोंच्या शवपेटीवरून त्यांची नजर हलेना. व्हॅन त्यांच्या कोटाला घासून गेली आणि चौथ्या गाडीवर आदळली. त्या गाडीत केटोंची बहीण लॉटीमावशी, वय एक्याऐंशी. मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं.

आदळल्याचा आवाज झाला तेव्हा कुठे काका वळले. म्हणजे त्यांना आधी काही ऐकूच आलं नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं मावशीचं विचारलं, गाडीचं विचारलं, आणि मग म्हणाली, “व्हॅन होझियापासून किती अंतरावरून गेली?” मी हातानं दाखवलं. वीतभरसुद्धा नाही. ती उठून खिडकीशी जाऊन बसली आणि जेवायलाही आली नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चनंतर दवाखान्यात गेले. लॉटीमावशी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून राणीच्या थाटात बसली होती. म्हणाली, “होझियाला कोणी एक शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते. माझ्या केटोकडे इतक्या प्रेमानं कोणी बघितलं नव्हतं. बायकोनं तर नाहीच.”

काका बाहेर बाकावर, हॅट मांडीवर घेऊन. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एका दिवसात ऐंशीचा दिसायला लागला.

“नेटा, मी हात वर केला होता ना?”

“केला होता काका.”

“मग ती व्हॅन थांबली का नाही?”

तुम्ही बघत नव्हता म्हणून, हे कोणत्या तोंडानं सांगू? बाबा गेले तेव्हा याच माणसानं मला खांद्याला धरून खड्ड्यापाशी उभं केलं होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

विम्यावाल्यांचं पत्र आलं. प्रशिक्षित आणि विमा असलेले एस्कॉर्ट, म्हणजे यात्रेसाठी वाहतूक थांबवणारे स्वार, लावा, नाहीतर एक एप्रिलपासून तुमच्या यात्रेची जबाबदारी आमची नाही. भाषा गोड, अर्थ कडू.

आईला वाचून दाखवलं. मला वाटलं चिडेल. तर म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. शोध. पण येईल त्या प्रत्येकाला मी बघणार.”

“आई, तू निवृत्त झालीस. दहा वर्षं झाली.”

“निवृत्त झालेय, मेले नाहीये.”

आणि लगेच पिवळी वही घेऊन काहीतरी लिहायला बसली. परीक्षेत पोरं उत्तर झाकतात तसं हातानं झाकून. मी डोकावले तर म्हणे, “तुझं काम कर.” चौऱ्याऐंशीव्या वर्षी ही लुडबुड! या गावात बाबांबरोबर हे अंत्यविधीचं घर तिनं उभं केलं, सगळं मान्य. पण आज सगळी धावपळ कोण करतंय? मीच ना?

सोमवार, १७ फेब्रुवारी

पहिला उमेदवार, प्रेंटिस लाइल. अटलांटाहून दोन तास गाडी हाकत आला. चकचकीत फाइल, चकचकीत बूट, दातही चकचकीत. आठ मोटारसायकली, सायरन, निळेजांभळे दिवे, सगळ्यांचे विम्याचे कागद क्रमानं लावलेले. मी खूश.

“चर्च ते दफनभूमी पंधरा मिनिटांत,” तो म्हणाला.

आई म्हणाली, “मेलेल्या माणसाला विमान गाठायचं असतं का?”

तो हसला. आई हसली नाही. “घरासमोर थांबाल का?” तिनं विचारलं. आमच्यात माणूस शेवटचा त्याच्या घरावरून जातो, मिनिटभर यात्रा थांबते, मग पुढे. यात विचारायचं काय?

“मॅडम, थांबलेली यात्रा धोक्याची असते. आमच्या पद्धतीत ते बसत नाही.”

आईनं पिवळ्या वहीत एक काट मारली. मी तरीही त्याला शनिवारचं काम देऊन टाकलं. शेवटी कुठलाही कागद झाला तरी सही माझीच लागते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

माझी सही मला नडली.

सायरन असा की चर्चच्या खिडक्या थरथरल्या. यात्रा सुसाट निघाली. शववाहिका ताशी पन्नास मैलांच्या वर हाकताना पेटी मागे डुगडुगतेय की काय म्हणून माझा जीव अर्धा. चौक सगळे बिनचूक बंद केले त्यांनी, ते नाकारत नाही. पण आमच्या चर्चच्या डीकन ग्रेडींची जुनी ब्यूइक, जी पस्तीसच्या वर गेली की खोकते, ती कुठल्या कुठे मागे राहिली. आणि तिच्यात कोण? गायनवृंदातल्या पाचही आजीबाई! शोधाशोध केली तेव्हा तळलेल्या कोंबडीच्या दुकानासमोर सापडल्या. “आम्हाला वाटलं, तुम्हीच वाट चुकलात. म्हटलं तोवर खाऊन घ्यावं,” असं मलाच ऐकवलं.

पेटी खाली उतरवताना गायला कोणी नव्हतं. पास्टरांनी एकट्यानं दोन ओळी म्हटल्या, त्याही बेसूर. गेलेल्या माणसाची मुलगी माझ्याकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गाण्याशिवाय?” आईनं विचारलं.

“गाण्याशिवाय.”

“त्या दातवाल्याला धन्यवाद दे आणि घरी पाठव,” ती म्हणाली, आणि ताटातली मक्याच्या ग्रिट्सची लापशी तशीच सारून उठली. माझ्यावरचा राग अन्नावर काढते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दुसरा आला तो पिकअपवर पिवळा दिवा चिकटवून, तोंडात काडी. कागदपत्रं मागितली तर म्हणतो, “मिस नेटा, आपल्याच माणसांत कागद कशाला?”

आई आतल्या खोलीतून ओरडली, “कारण आपण आपल्याच माणसांना पुरतो!”

गेला बिचारा काडी चावत. मला हसू आवरेना. आईही हसली, पण हसताना पोटावर हात दाबून धरला होता. म्हातारपण.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज एक बाई आली. वायनेल बॅटल. चाळिशीची, चणीनं लहान, आवाज हळू. सैन्यात असताना ट्रकांचे तांडे सांभाळायची, आता तीन स्वार घेऊन हे काम करते. फाइल साधी, पण कागद सगळे जागच्या जागी.

दर सांगायच्या आधी तीच प्रश्न विचारत सुटली. तुमच्या रस्त्यात डावीकडे वळणं किती? सत्तरीच्या पुढचे चालवणारे साधारण किती असतात? शेवटची गाडी कोण चालवतं, आणि तो चिडका आहे का? मी म्हटलं, बाई, तू मुलाखत द्यायला आलीस की घ्यायला?

मग विचारलं, “फाटकावर मालगाडी कधी येते?”

आईचे डोळेच चमकले. अठ्ठ्याऐंशी सालचा किस्सा काढून बसली. मालगाडीनं यात्रा मधोमध तोडली, पुढच्या गाड्या गेल्या, मागच्या अडकल्या. फाटक उघडलं तेव्हा समोरून दुसऱ्याच कोणाची तरी यात्रा चालली होती, ही मंडळी दिवे लावून बिनधास्त तिच्यामागे. दुसऱ्या चर्चच्या दफनभूमीत जाऊन दोन गाणी म्हटली, एकजण तर ढसाढसा रडला, आणि मग कोणीतरी पेटीजवळचा फोटो बघितला. “परक्या माणसाला पण छान निरोप दिला आम्ही,” आई म्हणाली. वायनेल इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, “मिस अर्डेलिया, मी यात्रा तुटू देत नाही. मालगाडी यायची असेल तर सगळ्यांनाच अलीकडे थांबवते. मागे राहणं चालेल, वेगळं होणं नाही.”

आईनं मला चहा आणायला पिटाळलं. थंड प्यायचा गोड चहा फ्रीजमध्ये तयार होता, पण “त्यात लिंबू घाल” म्हणे, “पुदिना तोडून आण” म्हणे. परत आले तेव्हा पिवळ्या वहीचं पान फाडलेलं, आणि वायनेल एक घडी केलेला कागद खिशात ठेवत होती. दराचा कागद असेल. जाताना माझ्याकडे अशी बघत होती की माझ्या चेहऱ्याला काही लागलंय की काय. मला असं कोणी बघितलेलं खपत नाही.

रविवार, २ मार्च

चर्चनंतर वायनेलबरोबर रस्त्याची चाचणी. आई येणार म्हणून हटून बसली. शववाहिकेत पुढे माझ्या शेजारी, सीटबेल्ट लावून, हॅट घालून.

मला पुढच्या शनिवारचा रस्ता बघायचा होता, तो गावाच्या पलीकडे. आई म्हणाली, “आधी आपल्या चर्चपासून माउंट नेबो.” माउंट नेबोच्या दफनभूमीत बाबा आहेत. तिकडे या महिन्यात एकही काम नाही, हे मी तीनदा सांगितलं. “मला जरा फिरव,” ती म्हणाली. हात टेकले.

आमचं घर मधेच लागतं, चौपदरी रस्त्यावर. वायनेलनं दोन्ही बाजूंना दूरवर स्वार उभे केले, वाहतूक आधी मंद केली, मग थांबवली. कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मी घरासमोर गाडी उभी केली. आई काच खाली करून घराकडे बघत राहिली. चांगलं मिनिटभर.

“पोर्चचा दिवा पिवळा पडलाय,” म्हणाली. “बदल.”

“बदलेन.”

“आजच बदल, नेटा.”

दुपारी शिडी लावून बदलला. खालून शिडी धरायला आली होती. म्हटलं, तू धरलीस काय नि न धरलीस काय. खरंच, तिच्या हातात काही जोर उरला नाही. डॉक्टरांकडे नीट दाखवायला हवं. जानेवारीत एकटीच जाऊन आली, विचारलं तर म्हणे, “वयाचं आहे.”

शनिवार, ८ मार्च

संताप संताप झालाय.

वायनेलचं पहिलं खरं काम. वेग छान, ब्यूइकसकट सगळे बरोबर, आजीबाई वेळेवर गायल्या. पण ती चौकात उभी कशी राहिली? शववाहिकेला पाठ करून! एकदा नाही, प्रत्येक चौकात. मेलेला माणूस समोरून जातोय आणि ही बाई पाठ दाखवून उभी. हेल्मेट डोक्यावर, पाय फाकवून, तोंड मोटारींकडे. तिचे स्वारही तसेच.

वर, बायपासच्या चौकात काही कारण नसताना हात वर करून मला थांबवलं. हिरवा दिवा असताना! तेवीस गाड्या मुकाट उभ्या. मग पुन्हा तिनं खूण केली, निघालो. विचारलं असतं, पण पेटी उतरवायची होती.

जेवणाच्या वेळी चर्चच्या बायका तुटून पडल्या. “होझिया कसा छातीवर हात ठेवायचा. आणि ही? पाठ?” एकीनं तर सरळ सांगितलं, “माझ्या नवऱ्याच्या वेळी ही नको.” नवरा शेजारी बसून कॉर्नब्रेड खात होता, त्यानं मान डोलावली.

होझियाकाका चर्चच्या पायरीवर उभे राहून यात्रा जाताना बघत होते. एकटेच. छातीवर हात. ते बघून मला गाडी सोडून पळत जावंसं वाटलं.

सोमवार, १० मार्च

वायनेलला झापायला फोन लावला. आधी विचारलं, परवा बायपासला का थांबवलंस?

“लाकडाचा ट्रक होता, मिस नेटा. उतारावर. चालवणारा ब्रेक मारत होता पण ट्रक मंदावत नव्हता, चाकांतून धूर दिसला. म्हटलं, जाऊ द्यावं.”

“आम्हाला दिसला नाही.”

“तुम्ही पुढे बघत होता. ते बरोबरच आहे.”

बस, एवढंच बोलली. झापायचं राहूनच गेलं. मी त्या चौकात शिरले असते. माझ्यामागे पहिल्या गाडीत गेलेल्या माणसाची बायको आणि तीन नाती होत्या.

आईला सांगितलं. ती पलंगावर बसून मोजे घालायचा प्रयत्न करत होती. मी खाली बसून घालून दिले. म्हणाली, “परवा तिच्या पाठीकडे बघत तू गाडी चालवलीस. भीती वाटली?”

विचार केला. संताप आला होता. लाज वाटली होती. पण भीती? पीकन रोडचा चौक ओलांडताना मला महिनाभर घाम फुटतोय, आणि परवा त्या चौकात मी आजूबाजूला बघितलंसुद्धा नव्हतं.

“नाही,” म्हटलं.

“होझिया मेलेल्यांकडे बघतो. ती आपल्याकडे बघते,” आई म्हणाली. “दोन्ही लागतं गं. पण रस्त्यात तिचंच लागतं.”

आज विम्यावाल्यांना वायनेलचं नाव कळवलं. आता काकांना कोण सांगणार?

शनिवार, १५ मार्च

आईनं सांगितलं. मला म्हणाली, तू मधे येऊ नकोस.

दोघं पोर्चवर बसून अक्रोडासारखे पीकन फोडत होते. मी आतल्या खिडकीशी. चोरून ऐकत होते, लपवत नाही. आधी काकांचा आवाज चढला. “एकतीस वर्षं, अर्डेलिया! आणि आता मला माउंट नेबोच्या दारात उभं करणार? दरवान?”

“दारात गाड्या नसतात, होझिया. तिथे मागून कोणी येत नाही. तिथे तू पोटभर बघ.”

ही दारात उभं राहण्याची युक्ती वायनेलचीच असणार, आईला असलं सुचत नाही. तरी छान आहे.

काका म्हणाले, “मला नको तुमची दया.”

मग आई इतकं हळू बोलली की काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. बराच वेळ. पीकन फोडायचा आवाज थांबला. नंतर काकांचा आवाज आला, “कधी?” आई काहीतरी म्हणाली. आणि काका रडायला लागले. हमसून हमसून. तोंडावर हॅट धरून. आई त्यांची पाठ थोपटत होती.

केवढा जीव होता त्यांचा त्या कामात! मला फार वाईट वाटलं. जाताना मी पीकनची पिशवी द्यायला गेले तर मला जवळ घेतलं, डोक्यावर हनुवटी टेकवली, आणि म्हणाले, “दारात उभा राहीन मी, नेटा. काळजी करू नकोस.” म्हटलं, कधीपासून? म्हणाले, “सांगेल ती तेव्हा.” मी सांगितलं, पुढच्या शनिवारपासूनच या. माउंट नेबोत नाही, पण दुसऱ्या दफनभूमीलाही दार आहेच.

शुक्रवार, २१ मार्च

आईनं कपाटं आवरायला काढलीत. किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या. तो जांभळट रंगाचा पोशाख इस्त्री करून कपाटाच्या बाहेर अडकवलाय. म्हटलं, ईस्टरला एवढी घाई? म्हणाली, “तयार असलेलं बरं.” तो तिला आता केवढा सैल होतोय. मी कडेनं टाके घालून देते म्हटलं, तर म्हणाली, “मागून पिना लावता येतात, तुला माहीतच आहे.” पेटीत ठेवताना आम्ही कोणाला मागून पिना लावतो ते मला माहीत आहेच. असले विनोद करणं तिलाच जमतं. मी हसले नाही.

रविवार, ३० मार्च

आता लिहिते. नऊ दिवस लिहू शकले नाही.

आईला जानेवारीतच कळलं होतं; मला आता, ती अंथरुणाला खिळल्यावर. पोटातला कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांना तिनं तोंड बंद ठेवायला लावलं. पत्र यायच्या आधी, व्हॅन यायच्या आधी. मी तिच्या ताटातल्या ग्रिट्सवरून तिला बोलत होते.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू सगळी कामं सोडून माझ्या उशाशी बसली असतीस आणि होझिया चौकात मेला असता,” ती म्हणाली. “एका वेळी एक.”

मी खूप भांडले. मरणाऱ्या माणसाशी भांडतात का? मी भांडले. ती ऐकून घेत होती, माझा हात धरून. मग म्हणाली, “झालं? आता ओठांना पाणी लाव.”

मंगळवार, ८ एप्रिल

आई गेली. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. मी तिच्या केसांना तेल लावत होते.

पिना मीच लावल्या. मागून.

रविवार, १३ एप्रिल

काल तिला पोचवलं. सगळं लिहून ठेवते, नाहीतर जाईल.

चर्चबाहेर पेटी शववाहिकेत ठेवली आणि मी सवयीनं पुढचं दार उघडलं. हातात किल्ली होतीच. वायनेल आडवी आली.

“मिस नेटा, तुम्ही पहिल्या गाडीत. मागे.”

“माझ्या आईला मी नेणार. बाजूला हो.”

ती बाजूला झाली नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. पिवळा. आईचं अक्षर, वर तारीख, बारा फेब्रुवारी. मी या डायरीत लुडबुड म्हणून लिहिलं होतं तो दिवस.

माउंट झायन चर्च ते माउंट नेबो. घरासमोर एक मिनिट. मालगाडी यायची असेल तर फाटकाच्या अलीकडे सगळ्यांना थांबवा, कोणी वेगळं पडायचं नाही. दारात होझिया, रस्त्यावर नाही. ब्यूइकच्या वेगानं चला. आणि खाली, जाड अक्षरात: नेटाला चालवू देऊ नका. ती सगळ्या गावाला पोचवते, तिला कधी कोणी मागे बसवलं नाही. तिला रडता येईल असं न्या.

मी किल्ली वायनेलच्या स्वाराला दिली आणि मागे जाऊन बसले. लॉटीमावशीनं प्लास्टर काढलेला हात माझ्या मांडीवर ठेवला.

पीकन रोडचा चौक आला. आडव्या रस्त्यावर मोटारसायकल, आणि तिच्यासमोर वायनेलची पाठ. लहानशी, ताठ. पलीकडे दोन रांगा मोटारी, ट्रक, एक शाळेची बस. मी त्या पाठीकडे बघितलं आणि जे रडू आलं ते घरापर्यंत थांबलं नाही. इतकं मोकळं मी बाबांच्या वेळीही रडले नव्हते. तेव्हा मी चालवत होते.

घरासमोर थांबलो. भर दुपारी पोर्चवर मी लावलेला तो नवा दिवा जळत होता. कोणी लावला? आईनं लॉटीमावशीकडे ठेवायला दिलेली किल्ली घेऊन वायनेल सकाळी लावून आली होती म्हणे. एक मिनिट पूर्ण झालं, मी घड्याळात बघितलं.

फाटकावर मालगाडी आलीच. सदतीस गाड्या अलीकडे उभ्या राहिल्या. डबे संपता संपेनात. मागच्या गाडीतून आजीबाईंनी गायला सुरुवात केली, काचा खाली करून, मग सगळ्यांनीच. आईला हे फार आवडलं असतं. अठ्ठ्याऐंशी सालचं तिनं पुन्हा सगळ्यांना सांगितलं असतं.

माउंट नेबोच्या दारात होझियाकाका. पांढरी मोटारसायकल नाही, काळा कोट आणि पॉलिश केलेले बूट. हॅट काढलेली, डोकं उघडं, छातीवर हात. शववाहिका आत वळली तशी त्यांची मान तिच्याबरोबर वळत गेली. पोटभर बघितलं त्यांनी. मागून कोणी येणार नव्हतं.

आम्ही उतरलो. मी मागे वळून बघितलं, ब्यूइक आली का म्हणून, सवय जात नाही. वायनेल दारापाशी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. ब्यूइक खोकत खोकत आत शिरली. शेवटची गाडी. वायनेलनं ती मोजली, रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकदा बघून घेतलं.

मग ती वळली. हेल्मेट काढलं, काखेत धरलं. काकांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आईकडे तोंड करून छातीवर हात ठेवला.